सिदूच्या बाहीवरचा भंडारा

“पायाला हात लाव आन् मागं सर, मायव्वा. झाडावर बाईमाणसाची सावली पडू द्यायची न्हाई,” आण्णा म्हणाले.

झाड म्हणजे माझा धाकटा भाऊ सिदू. देवाचं वारं ज्याच्या अंगात येतं, त्याला आमच्या धनगरवाड्यात झाड म्हणतात. देवळाच्या बगलेला दगडी खोली, खोलीत काळं घोंगडं, घोंगड्यावर सिदू मांडी घालून बसलेला. अंगात लांब बाह्यांची पांढरी पैरण, गळ्यात भंडाऱ्याची पिशवी. दसरा नुकताच झाला होता, बिरोबाच्या जत्रेला दोन दिवस उरले होते आणि मी मिरजेहून दुपारच्या एसटीनं उतरून तडक देवळात आले होते.

मी वाकले. पायाला हात लावायच्या निमित्तानं त्याच्या घोट्यामागं दोन बोटं टेकवली. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. बोटांना आपली आपणच सवय लागली होती. बोटांखाली नाडी पळत होती, लांडगा मागं लागलेल्या कोकरासारखी.

“अक्का आलीस व्हय? जेवलीस का? गाडीला गर्दी हुती का? मिरजेत पाऊस हाय का? अक्का, मला समदं ऐकू येतंय बघ. माळावरच्या मुंगीचं पाय वाजत्यात न्हवं, त्ये बी ऐकू येतंय.”

हे सगळं एका दमात. बोलून झालं तरी त्याचा जबडा चालूच राहिला, तोंडात काही नसताना चघळत. दारातून ऊन थेट त्याच्या तोंडावर पडलं होतं. उन्हात डोळ्यातली बाहुली मिटते, मोहरीएवढी होते. सिदूची बाहुली करवंदाएवढी होती. काळीभोर, पिकलेली. तिला उन्हाची लाज म्हणून नव्हती.

मागं उभ्या बाया कुजबुजल्या. “डोळं बघिटलंस का गं? डोळ्यात देव उतरलाय.”

“तीन दिस झालं, पापणीला पापणी न्हाई लावली.”

“भूक न्हाई, तान न्हाई. ह्याला म्हणत्यात वारं.”

आमच्यात रीत अशी. जत्रेआधी झाडानं पाच दिवस उपाशी बसायचं, पाणी आणि चिमूटभर भंडारा एवढ्यावर. पाचव्या दिवशी भर दुपारी ढोल घुमायला लागले की त्याच्या अंगात वारं यायचं. मग तो तलवार घेऊन पालखीभोवती उड्या घ्यायचा आणि पाऊसपाणी, जोंधळा, मेंढरांची रोगराई असं वर्षाचं भाकीत सांगायचा. त्याला भाकणूक म्हणायचं. बावीस वर्षं तो मान आमच्या बिरूतात्याकडं होता. तात्या गेले, त्यांना मूलबाळ नव्हतं. मान सिदूवर आला. पण देवाचं वारं काही सातबाऱ्यावर चढत नाही. पहिल्या वर्षी ते आलं नाही, दुसऱ्या वर्षीही आलं नाही. सिदू तलवार धरून बुजगावण्यासारखा उभा राहिला आणि थोरल्या घरच्या बाळाप्पाची पोरं ओरडली, “कोरडं झाड! सरपणाला न्या रं!”

आण्णा त्या वर्षी दोन दिवस जेवले नव्हते. तिसऱ्या जत्रेलाही वारं आलं नाही तर मान बाळाप्पाच्या घरी जाणार, असा नेम होता. ही तिसरी जत्रा होती.

“बघितलंस न्हवं?” बाहेर आल्यावर आण्णा मला म्हणाले. सत्तरीला टेकलेला माणूस, पण चाल वराच्या बापाची. “अवंदा झाड भरलंय. बाळाप्पाला म्हणावं, आता ये, सरपण न्यायला.”

 पुस्तकातलं एक पान डोळ्यांसमोर आलं होतं. झोप नाही, भूक नाही, बडबड फार, नाडी भरधाव, बाहुली मोठी. सिस्टरनी ते पान आमच्याकडून पाठ करून घेतलं होतं. पानावर देवाचं नाव कुठंच नव्हतं.

घरी आई अंगणात वाकळ घालून बसली होती. मागं खुंटीला सिदूची दुसरी पैरण लटकत होती. कालपर्यंत अंगात होती ती. शेजारच्या दोघी बायका आल्या, पैरणीची उजवी बाही दोन्ही हातांनी धरून त्यांनी डोळ्यांना लावली आणि आईच्या पाया पडून गेल्या. कोपराच्या आतल्या बाजूला पिवळा डाग होता, तळहाताएवढा.

“धुतली न्हाईस ती?” मी विचारलं.

“धुवायची कशी? देवाचा भंडारा हाय त्यो,” आई म्हणाली आणि गुणगुणायला लागली. तिला ओवी सुचायची ती अशीच, बोलता बोलता.

*वारं सुटलं माळाला, भंडारा गं गगनात,*
*सिदू माझ्या बाळाच्या, देव उतरे अंगात.*

लहानपणी ह्या गळ्यावर मी झोपत आले. त्या दिवशीही वाटलं, डोळे मिटावेत, आईच्या मांडीवर डोकं ठेवावं आणि देव अंगात उतरला असं मानून टाकावं. पण मी उठून बाही हातात घेतली. भंडारा म्हणजे हळद. हळद कोरडी असते, झटकली की उडते. हा डाग कडेनं कडक झाला होता, मधे चिकट. मी तो नाकाशी नेला.

ड्रेसिंगच्या खोलीत एक वास असतो. पट्टी सोडताना आधी गोडसर येतो, मग सडका, मग घशात जाऊन बसतो आणि जेवणाच्या ताटापर्यंत सोबत येतो. तो वास माझ्या आईच्या अंगणात, देवाच्या पैरणीला येत होता. दोन बायांनी तो आत्ताच डोळ्यांना लावला होता.  तोंडावर पदर धरून मी गोठ्यामागं गेले आणि गाडीत खाल्लेली केळी तिथं ओकले.

“गाडी लागली काय गं?” आईनं आवाज दिला.

“व्हय,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी देवाला ओढ्यावर न्हाऊ घालायला गेली तेव्हा मी खोलीत शिरले. दार लोटून घेतलं. सिदू कोपऱ्यात दंड खाजवत बसला होता.

“बाही वर कर,” मी म्हटलं.

“अक्का, बाईमाणसाची सावली…”

“सावली गेली खड्ड्यात. बाही वर कर.”

त्यानं केली. मी वॉर्डात बरंच बघितलं होतं. मधुमेहाचे पाय, किडे पडलेल्या जखमा. पण ते परक्यांचे पाय होते. ह्या हाताला मी राखी बांधत होते. कोपराच्या आत फोड फुटून भोक पडलं होतं, त्यात हळद ठेचून भरलेली आणि हळदीखालून पू निघत होता. हळद कुठली आणि पू कुठला ते सांगता येत नव्हतं. वर खाली, मनगटापर्यंत टोचल्याच्या खुणा होत्या, गोचिडांनी धरल्यासारख्या.

“कुठनं लागलं हे?”

“तालमीतनं.” तो हसला. आधीचा, खोडकर हसला. “पैलवानकी करायला गेलो, पैलवान न्हाई झालो. एकजण म्हणला, लई दम लागतोय तुला, हे घे. घेतलं. अक्का, काय सांगू! दोनशे जोर मारलं, घाम आला न्हाई. वाटलं, डोंगर उचलून काखंत मारावा. मग म्हटलं, तात्याच्या अंगात येत हुतं ते ह्याच्याहून येगळं काय आसंल?”

“येगळं हाय, सिदू. तालमीत टोचत्यात ते ऑपरेशनच्या टेबलावरचं औषध हाय. माणसाचं बीपी पडलं, जीव चालला, तर डॉक्टर मोजून देतात. धडधाकट माणसाचं काळीज फुटतं ह्यानं.”

“फुटंना. वरीस झालं, न्हाई फुटलं.” मग अचानक तो पुढं सरकला, माझा हात पकडला. त्याची बोटं बर्फासारखी गार होती आणि कपाळावरून घाम गळत होता. “अक्का, पर उतरलं की लई वंगाळ वाटतंय. कोनतरी कानात बोलतंय. बाळाप्पा छपरावर बसलाय म्हणतंय, घोंगड्यात विष घातलंय म्हणतंय. मी रातभर घोंगडं झाडत बसलो हुतो. मंडळी भाईर म्हणत्यात, देव बोलतोय त्याच्यासंगं. देव असलं बोलतोय व्हय?”

“न्हाई,” मी म्हटलं. “उठ. आत्ताच्या आत्ता मिरजेला चल माझ्यासंगं. मी आण्णास्नी सांगते.”

त्यानं दाराकडं बघितलं. मग इतकं हळू बोलला की मला वाकून ऐकावं लागलं.

“आण्णास्नी काय सांगतीस? खोलीत बसल्यापासनं आण्णाच टोचत्यात.”

दार उघडलं. आण्णा आले होते, काखेत भंडाऱ्याची भरलेली पिशवी. झाडाचा भंडारा फक्त बापानं आणायचा, तिसऱ्यानं पिशवीला हात लावायचा नाही, ही पण रीतच. त्यांनी मला बघितलं, सिदूची वर केलेली बाही बघितली आणि शांतपणे कडी घातली. पिशवी खाली ठेवली, हळदीत हात घातला आणि आतून काचेची छोटी बाटली काढली. पिवळी, हळदीनं माखलेली. मग एक सिरिंज, तशीच माखलेली. सुई वाकडी झाली होती.

“डॉक्टरचंच औषध हाय,” आण्णा म्हणाले. “बाटलीवर छापलंय. दारू न्हाई, गांजा न्हाई. ताकदीचं हाय.”

“आण्णा, त्याचा हात सडलाय.”

“भंडारा भरलाय त्यात. भरून येतंय.”

“सडलाय, आण्णा! वास येत न्हाई व्हय तुमाला?”

“वास!” त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच काहीतरी घाणेरडं बोलले होते. “बावीस वरीस माझ्या भावानं गावाला पाऊस सांगितला. त्याच्या नावानं लोकं जोंधळा पेरायची. आन् दोन वरीस माझं पोरगं उभं राहतंय आन् पोरं म्हणत्यात, सरपणाला न्या. त्याचा वास आला न्हाई तुला मिरजेत?”

“वारं येत न्हाई तर न येऊ दे. जाऊ दे मान बाळाप्पाकडं. मान लई मोठा व्हय सिदूपरीस?”

“उद्याचा एक दिस,” आण्णा म्हणाले. “भाकणूक झाली की तू ने त्याला. मिरजेला ने, मुंबईला ने, मी आडवा येत न्हाई. बिरोबाची आण.”

“उद्याचा एक दिस, अक्का,” सिदूही म्हणाला. दोघांचा आवाज अगदी सारखा होता तेव्हा.

“पर उद्या मला जमंल आसं दिसत न्हाई,” आण्णा पुढं म्हणाले आणि आपले दोन्ही हात त्यांनी माझ्यासमोर धरले. म्हातारे, थरथरणारे, मेंढरांची लोकर कातरून वाकलेले हात. “ह्याची शिर घावत न्हाई आता. काल चार बार टोचलं. तू शिकलेली हाईस. तुझा हात हलका.”

मी नाही म्हटलं. ते परत बोलले, मी परत नाही म्हटलं.

जत्रेच्या दिवशी माळावर मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. अश्विनातलं ऊन, तीस ढोल, कैताळ झांजांचा कल्लोळ आणि डोक्यावर भंडाऱ्याचं पिवळं आभाळ. सिदू खोलीतून बाहेर आला तो चालत नव्हता, उसळत होता. तलवार हातात नसून हातातूनच फुटली आहे असं वाटावं. त्यानं पालखीला पहिला वेढा घातला तसा गर्दीतून हुंकार उठला. दुसऱ्या वेढ्याला बाळाप्पा स्वतः पुढं आला आणि त्यानं पटका काढून जमिनीवर ठेवला. आण्णा रडत होते. मिशीवरून पाणी गळत होतं आणि पुसत नव्हते.

“मेघाची कावड आडवी येईल!” सिदू ओरडला. “मृगाचं पाणी मेंढराच्या खुराला लागंल!”

“बिरोबाच्या नावानं चांगभलं!”

“जोंधळ्याला… जोंधळ्याला…” तो थांबला. डावा हात बघायला लागला. मग तलवार टाकून डाव्या हातानं उजवा हात ओरबाडायला लागला. “किडं! किडं हायत! हातात किडं हायत माझ्या, काढा!”

“कीड पडणार!” गर्दीतून कोणीतरी ओरडलं. “अवंदा जोंधळ्याला कीड पडणार!”

“काढा रं! आत वळवळत्यात!”

“कीड पडणार! चांगभलं!”

“कोंडलंय… छातीत कोंडलंय…”

“पाऊस कोंडणार! आधी कोंडणार, मागनं पडणार!”

माझ्या शेजारचा माणूस हे सगळं वहीत उतरून घेत होता. माझा भाऊ मरत होता आणि एक माणूस पेन्सिल ओली करून जोंधळ्याचं लिहीत होता.

सिदू गुडघ्यावर आला, मग तोंडावर पडला. लोकांनी मुठी मुठी भंडारा उधळला. डोळ्यांत, नाकात, उघड्या तोंडात. त्याच्या ओठांतून फेस आला, तो पिवळा झाला. एका म्हातारीनं वाकून तो फेस बोटावर घेतला आणि कडेवरच्या नातवाच्या कपाळाला लावला. मग दुसरी वाकली, मग तिसरी. शेळ्या मिठाच्या खड्याला लागाव्यात तशा.

मला त्यांची किळस आली. अजून येते. पण खरं सांगायचं तर मी तेव्हा काही पावलांवर उभी होते आणि हलत नव्हते. गर्दीपलीकडून आण्णा माझ्याकडं बघत होते. मी ओरडले असते, हे वारं नाही, विष आहे, तर दवाखान्यात न्यायला जत्रेतली एक जीप पन्नास हातांवर उभी होती. ओठापर्यंत आलंही. पण बाळाप्पाचा पटका अजून जमिनीवर होता. आण्णांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी जन्मात बघितलं नव्हतं. ढोलाची एक घाई संपली, ठेक्याची एक अख्खी फेरी, मग दुसरी सुरू झाली, ती पण संपली. एवढा वेळ मी उभी राहिले.

मग सिदूच्या टाचा जमिनीवर आपटायच्या थांबल्या आणि मी धावले.

“बाई शिवली! झाडाला बाई शिवली!”

मी त्याच्या छातीवर दाब देत राहिले. प्रत्येक दाबाला तोंडातून हळदीचा लगदा यायचा. जीपमध्येही देत राहिले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “काय घेतलं होतं यानं?”

“पाच दिसाचा उपास,” आण्णा म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी फरशीकडं बघितलं. थोड्या वेळानं त्यांनी सिदूच्या तोंडावर चादर ओढली. पांढऱ्या चादरीला पिवळा ओठ उमटला.

गावानं म्हटलं, देवानं जागच्या जागी नेला. माळावर त्याची समाधी बांधली. आई दिवसभर तिथं बसून राहायची आणि तिच्या गळ्यातून ओवी निघायची ती ऐकवत नसे.

*भंडारा गं उधळीला, मुठी मुठी कुनी कुनी,*
*बाळ पिवळं झालं माझं, वळखंना त्याला कुनी.*

मान राहिला नाही. आमच्या घरात दुसरं झाडच नव्हतं. पुढच्या वर्षी मान बाळाप्पाकडं गेला. आण्णा त्यानंतर तेरा वर्षं जगले. माझ्या हातचं पाणी त्यांनी कधी मागितलं नाही आणि मी कधी नेऊन दिलं नाही.

एकोणीस वर्षं झाली ह्याला. मी आता दुसऱ्या तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. शाळांतून मला बोलावतात. मी पालकांना सांगते, पोरगा भर उन्हाळ्यात लांब बाह्या घालायला लागला, एकटाच बसायला लागला, रातभर जागायला लागला, मित्र बदलले, खाणं तुटलं, तर त्याला मारू नका आणि गप्पही बसू नका. दवाखान्यात आणा. पालक मान डोलवतात. मी घरी येऊन हात धुते. भाजीत हळद मी घालत नाही. नवरा हसतो, म्हणतो, हिची डाळ विधवेसारखी.

गेल्या दसऱ्यानंतर आईचा निरोप आला, येऊन जा. आई आता वाळून काडी झाली आहे. दुपारी मी पोचले तेव्हा ती देव्हाऱ्यापुढं बसली होती. देव्हाऱ्यात, टाकांच्या मागं, ती पैरण घडी करून ठेवलेली. एकोणीस वर्षं जत्रेला बाया येतात, बाही डोळ्यांना लावून जातात.

“ही घे,” आई म्हणाली. “मी आज हाय, उद्या न्हाई.”

मला ती घेववेना. घशात जुना वास आला. म्हटलं, हिनं डोळे मिटण्याआधी सांगून टाकावं.

“आई, हा भंडारा न्हवं.”

“ठावं हाय,” आई म्हणाली. “भंडारा झटकला की जातो. घरात धुणं कोण धुतंय, मायव्वा?”

मी तिच्यासमोर बसले.

“तवाच ठावं हुतं. तुझा बा काय घालून नेतोय पिशवीत, त्ये बी ठावं हुतं. वाटलं, मान ऱ्हाईल. बायका पाया पडत हुत्या माझ्या. बरं वाटत हुतं.” तिनं डोळे पुसले नाहीत, त्यांत पुसण्याजोगं काही उरलं नव्हतं. “आन् आणखी एक ठावं हाय. सिदू गेल्यावर खोली झाडाया मी गेले हुते. कोपऱ्यात कापसाचा बोळा घावला. ओला. दवाखान्याचा वास येत हुता त्याला. तुझा बा टोचायचा तवा कापूस नसायचा गं.”



आण्णांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं नव्हतं. जत्रेच्या सकाळी आण्णा ती वाकडी सुई घेऊन सिदूचा हात चाचपत होते, रक्त आणि पू त्यांच्या बोटांवर आला होता, आणि मला शिसारी आली. त्या घाणीची. म्हटलं, द्यायचंच असेल तर निदान स्वच्छ तरी द्यावं. आईला ताकदीचं इंजेक्शन द्यायला म्हणून नवी सिरिंज आणली होती, तिचं पाकीट मी फोडलं. कापसावर स्पिरिट घेतलं. दुसऱ्या हाताची चांगली जागा बघून पुसून घेतली, शिकवलं होतं तशी, आतून बाहेर, गोल. शीर पहिल्या टोचणीत लागली.

“अक्काचा हात म्हंजे मोराचं पीस,” सिदू म्हणाला होता.

“मला वाटलं, एक दिवसच,” मी आईला म्हटलं. एवढंच आलं.

“मला बी तसंच वाटलं,” आई म्हणाली. मग काठी टेकून उठली, पैरण उचलून माझ्या हातात कोंबली. “पुजायला न्हाई दिली तुला. ऐक. बाळाप्पाचा नातू बसलाय खोलीत. तीन दिस झालं. न जेवतोय, न निजतोय. समदी म्हणत्यात, झाड लई भरलंय. परवा त्याच्या आईनं त्याची पैरण खुंटीला लावलीया, धुवत न्हाई. मी काल पाया पडायला गेले आन् बाही नाकाला लावली.”

 मी पायात चप्पल घातली.

माळावर ढोल तापत होते. ऊन तसंच होतं. खोलीपुढं बाया दाटल्या होत्या. मला बघून बाजूला झाल्या, सिदूची बहीण म्हणून. कोणीतरी माझ्या हातातल्या पैरणीला हात जोडले. दारात बाळाप्पाचा मुलगा आडवा आला.

“मायव्वा, पायाला हात लाव आन् मागं सर. झाडावर सावली…”

मी त्याला हातानं बाजूला सारलं आणि आत गेले. घोंगड्यावर बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा बसला होता, तोंडात काही नसताना जबडा हलवत. दारातून ऊन त्याच्या तोंडावर येत होतं आणि मी ते अडवलं. माझी सावली त्याच्या अंगावर पडली, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत. मागं बाया ओरडायला लागल्या.

मी सिदूची पैरण त्याच्यापुढं पसरली, डागाची बाही वर करून.

“नाव काय तुझं?”

“बिराप्पा.”

“बिराप्पा,” मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “माझ्या भावाला मी माझ्या हातानं मारलं. बाही वर कर.”